रिकामी चौकट आणि वाटेवरची घरे

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी तरी लिहाव्यात, असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती लिहून द्यावी आणि मोकळे व्हावे, असा विचार होता. पण मंडळाची सहल कोल्हापूरला गेली होती, तेव्हा तेथे एक गोष्ट पाहिली आणि ती काही केल्या मनातून जाईना. वाचनालयातून पुस्तके आणली, काही मजकूर लेकीने शोधून वाचून दाखवला. त्यातून जे समजले ते भगिनींपुढे ठेवीत आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

अंबाबाईचे दर्शन झाल्यावर आपण सगळ्याजणी महावीर उद्यानात डबे सोडून बसलो होतो, हे पुष्कळजणींना आठवत असेल. त्या बागेत एक स्मारक आहे. ते पोलंड देशातल्या लोकांचे. कोल्हापूरच्या बागेत पोलंडच्या लोकांचे काय काम, असे मी तिथल्या एका वयस्कर बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, ती वळिवड्याच्या कॅम्पातली गोरी माणसं. आमची आई त्यांच्या गोष्टी सांगायची."

ती हकिकत अशी. सन १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरची फौज आली आणि पूर्वेकडून रशियाची. रशियात तेव्हा कम्युनिस्टांची, म्हणजे स्टालिनची राजवट होती. १९४० आणि ४१ साली पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरातून उठवून मालगाड्यांत कोंबले आणि सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले. त्यांत बायकामुले पुष्कळ होती. थंडीने, उपासमारीने आणि रोगराईने किती माणसे दगावली याची गणती नाही. पुढे १९४१ साली हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. त्यांतले काही इराणमार्गे आपल्या देशात आले. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आसरा दिला, आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार माणसे राहिली. बहुतेक सगळ्या बाया आणि मुले, कारण कर्ते पुरुष युद्धावर किंवा बेपत्ता. छावणीत त्यांनी शाळा चालवल्या, दवाखाना होता, दुकाने होती, आणि प्रार्थनेसाठी चर्चही होते. १९४८ पर्यंत ही वस्ती होती. पुढे त्याच जागी फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच.

आपल्या मुळशीच्या बायकांना हे वाचून परके वाटणार नाही. टाटांच्या धरणासाठी आपल्या खोऱ्यातली गावे गेली, १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला, त्यात बायकाही होत्या. आमच्या सासूबाईंच्या माहेरचा देव पाण्याखाली गेलेला. नवीन जागी देऊळ बांधले, पण त्यांची आजी बोलताना कायम "देव खाली आहे" असेच म्हणे. घर सुटलेल्या बाईला देव कुठे राहिला हे पहिल्यांदा आठवते.

युद्ध संपले तेव्हा वळिवड्याच्या बायांना मायदेशी जाता आले असते. पण त्यांतल्या पुष्कळशा गेल्याच नाहीत. कोणी इंग्लंडला गेल्या, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला. पुष्कळांची गावे आता रशियाच्या हद्दीत गेली होती, आणि उरलेल्या पोलंडमध्येही रशियाच्याच पाठबळाने कम्युनिस्टांचे राज्य आले होते. ज्या राजवटीने मालगाडीत घातले तिच्याच हाताखाली परत कोण जाणार? मग मला वाटले, ज्या बाया मागे पोलंडातच राहिल्या त्यांचे काय झाले असेल? त्या शोधात मला जे सापडले ते वाचून मी थक्क झाले. त्या देशातही वारी आहे!

होय, अगदी आपल्यासारखी पायी वारी. पोलंडच्या दक्षिणेकडे चेंस्तोहोवा नावाचे गाव आहे. तेथे टेकडीवर एक मठ आहे, १३८२ सालचा. त्या टेकडीला यास्ना गूरा म्हणतात, म्हणजे उजळ टेकडी. मठात येशूच्या आईची, मेरीमातेची तसबीर आहे. तिचा चेहरा काळासावळा आहे आणि गालावर वार केल्याच्या खुणा आहेत. आपला विठोबा सावळा, त्यांची माय सावळी. १७११ साली वॉर्सा शहरात मोठी साथ आली, तेव्हा लोकांनी नवस बोलून तेथून यास्ना गूरापर्यंत पायी यात्रा केली. तेव्हापासून ही यात्रा ऑगस्ट महिन्यात निघते. नऊ दिवस चालून १५ ऑगस्टच्या सणासाठी मंडळी टेकडीवर पोचतात. वाट सुमारे २४० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी देहूहून पालखी सुरू केली ती १६८५ साली, म्हणजे दोन्ही वाऱ्यांत पंचवीसएक वर्षांचे अंतर. त्यांचेही वेगवेगळे जथे असतात, पुढे निशाण असते, वाटेने भजने म्हणतात, आणि रात्री गावोगाव लोकांच्या घरी, गोठ्यात, गवताच्या गंजीवर निजतात. वाटेवरच्या गावच्या बाया त्यांना खाऊपिऊ घालतात.

आता कम्युनिस्टांना या यात्रेचे वावडे का, हेही समजून घेतले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, धर्म गरिबाला गुंगवून ठेवतो. परलोकाच्या आशेवर तो इथला अन्याय सोसतो. हे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. त्यांनी शाळा काढल्या, कारखाने काढले, मजुराला घर दिले, हेही खरे. पण त्यांच्या राज्यात पक्षावाचून दुसरे काही मोठे असू नये असा नियम होता. लाखभर माणसे सरकारने न बोलावता एका वाटेने चालतात, एकमेकांना जेवू घालतात, ही गोष्टच त्यांना सहन होईना.

१९५३ साली पोलंडचे सर्वांत मोठे धर्मगुरू, कार्डिनल विशिन्स्की, यांना सरकारने पकडून नेऊन स्थानबद्ध केले. तीन वर्षे ते अटकेत होते. अटकेत असतानाच त्यांनी साऱ्या देशासाठी एक प्रतिज्ञा लिहिली. २६ ऑगस्ट १९५६ रोजी यास्ना गूरावर लाखो लोक जमले आणि ती प्रतिज्ञा मोठ्याने म्हटली. कार्डिनलांची खुर्ची मात्र रिकामी होती. तीवर फुले ठेवली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांची सुटका झाली.

सुटल्यावर त्यांच्या मनात आले की, सगळ्यांनाच काही टेकडीपर्यंत जाता येत नाही, तर माताच गावोगाव जाऊ दे. मूळ तसबिरीची एक प्रत तयार करून १९५७ साली तिची देशभर फेरी सुरू झाली. आपल्याकडे पादुका पालखीत बसून गावोगाव येतात, तसेच ते. ज्या गावी तसबीर येई तेथे रात्रभर जागरण होई. १९६६ साली पोलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याला एक हजार वर्षे होत होती. त्यासाठी रोमहून पोपना यायचे होते, पण सरकारने त्यांना येऊ दिले नाही. आणि त्याच वर्षी पोलिसांनी वाटेत गाडी अडवून ती तसबीर जप्त केली, मठात नेऊन ठेवली आणि ती पुन्हा बाहेर पडू नये म्हणून पहारा बसवला.

आता फेरीचे काय करायचे? भगिनींनो, त्यांनी काय केले ते ऐका. त्यांनी तसबिरीची नुसती चौकट घेतली. रिकामी चौकट आणि एक पेटती मेणबत्ती. हीच चौकट गावोगाव नेली. लोक फुले घेऊन तशीच सामोरी गेली, गुडघे टेकले, रात्रभर जागली. सहा वर्षे ही रिकामी चौकट पोलंडभर फिरली. शेवटी १९७२ साली एका धर्मगुरूने पहाऱ्यातून ती तसबीर गुपचूप बाहेर काढली आणि फेरी पूर्ववत सुरू झाली. तसबीर जप्त करता येते, रिकाम्या चौकटीला काय जप्त करणार? तिच्यात तर काही नव्हतेच. जे होते ते समोर उभ्या असलेल्या माणसांत होते.

पायी यात्रेलाही आडकाठी झालीच. १९६३ साली देशात देवीची साथ आली आणि साथीचे कारण सांगून सरकारने यात्रेला बंदी केली. लोक तरीही आपापले निघून गेले. हे वाचले तेव्हा मी थोडी थांबले. कारण २०२० साली आपलीही वारी साथीमुळेच थांबली. आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. आमच्या सासूबाई त्या दिवशी कोणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावताना एवढेच म्हणाल्या, "माउली यंदा एस.टी.नं गेली गं." मग दोन्हींत फरक काय? मला वाटते, फरक असा. आपल्याकडे वारकऱ्यांच्या पुढाऱ्यांनी स्वतः विचार करून गर्दी टाळायचे मान्य केले. साथ ओसरली आणि २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. तिथे मात्र साथ निमित्त होती. साथ नव्हती त्या वर्षीही अडवणूक होतीच. चालकांना दंड करीत, वाटेवरच्या लोकांना यात्रेकरूंना जागा देऊ नका म्हणून दटावीत. सरकार खरे बोलते की निमित्त सांगते, हे दुसऱ्या वर्षी कळते.

आपल्या देशातल्या भाविकांनाही कम्युनिस्ट राजवटीचा असा अनुभव आलेला आहे, तोही सांगते. कैलास आणि मानस सरोवर तिबेटात. १९५० साली चीनची फौज तिबेटात शिरली. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात करार झाला, त्यात यात्रेकरूंचे कलम होते. आपल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे कैलास-मानसला जावे, तिबेटातल्या लोकांनी काशी, सारनाथ, गया आणि सांची येथे यावे. यात्रेकरूला ओळखीचा कागदसुद्धा लागणार नव्हता, नाक्यावर नोंद केली की पुरे. पण हा करार आठ वर्षांचाच होता. १९६२ साली मुदत संपली, त्याच वर्षी युद्ध झाले आणि वाट बंद झाली. पुढे १९६६ पासून चीनमध्ये जी सांस्कृतिक क्रांती म्हणून झाली, तीत कैलास आणि मानस यांच्या भोवतीचे मठ पाडले गेले. तिबेटी माणसाला आपल्याच डोंगराची प्रदक्षिणा करायची चोरी झाली. १९८१ साली भारतीय यात्रेकरूंना पुन्हा परवानगी मिळाली. पाडलेले मठही नंतर पुष्कळसे पुन्हा बांधले गेले. मधली एकोणीस वर्षे गेली ती गेलीच. ज्या बाईने पन्नासाव्या वर्षी कैलासाची आस धरली ती सत्तरीला टेकली. वाट उघडली तरी गेलेले पाय परत येत नाहीत. २०२० पासून पाच वर्षे ही यात्रा पुन्हा बंद होती, ती २०२५ साली सुरू झाली.

कैलासाची वाट परमुलखातून जाते, म्हणून नाक्यावर कुलूप लावले की ती बंद पडली. पोलंडची वाट मात्र लोकांच्या दारावरून जात होती. ती बंद करायला दारोदार पोलीस उभा करावा लागला असता. आणि दारात कोण असते? बाई असते.

याचे एक उदाहरण देते. पोलंडमध्ये क्राकूव शहराजवळ १९४९ पासून सरकारने पोलादाचा मोठा कारखाना आणि त्याच्याभोवती नोवा हुता नावाचे नवे गाव वसवले. आपल्या हिंजवडीसारखे, जिथे शेते होती तिथे एकाएकी शहर. त्या शहरात सगळे होते, फक्त चर्च नव्हते, कारण नव्या माणसाला देव लागणार नाही असा हिशेब होता. कामगार मात्र खेड्यापाड्यांतून आलेले. त्यांनी मागणी लावून धरली, तेव्हा १९५७ साली जागा मिळाली आणि तिथे लाकडी क्रूस उभा केला. मग सरकारने शब्द फिरवला आणि तिथे शाळा बांधायचे ठरवले. २७ एप्रिल १९६० रोजी क्रूस उपटायला माणसे आली. पुरुष कामावर होते. पहिल्यांदा धावल्या त्या जवळपासच्या बाया. त्यांनी खणणाऱ्यांना हुसकून लावले. पुढे हजारो लोक जमले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकडो पकडले गेले, पण क्रूस जागचा हलला नाही. त्या गावाला चर्च मिळाले ते १९७७ साली. त्याचे उद्घाटन क्राकूवचे धर्मगुरू कारोल वोयतिवा यांनी केले. दुसऱ्याच वर्षी तेच पोप झाले. जॉन पॉल म्हणून जगाने ज्यांना ओळखले ते हेच. १९७९ साली ते मायदेशी आले तेव्हा लाखो लोक जमले, आणि सरकारला त्यांना अडवता आले नाही.

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असेल. १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीत मजुरांनी संप केला, तेव्हा फाटकावर त्याच सावळ्या मातेची तसबीर लावली होती. म्हणजे धर्म मजुराला गुंगवतो म्हणणाऱ्यांच्या राज्यात मजूरच तसबीर लावून हक्क मागायला उभा राहिला! १९८१ च्या डिसेंबरात लष्करी कायदा आला. मजुरांना धीर देणारे आणि त्यांची यात्रा यास्ना गूराला नेणारे फादर पोपिएवुश्को यांचा १९८४ साली सरकारी पोलिसांनीच खून केला. तरी १९८९ साली निवडणुका झाल्या आणि ती राजवट गेली. संपाचे पुढारी लेक वालेसा यांना १९८३ साली शांततेचे नोबेल मिळाले होते. त्याचे पदक त्यांनी यास्ना गूराच्या मठात दिले आहे.

हे सगळे वाचून आपण फार चांगल्या आणि ते फार वाईट, असे म्हणून समाधान मानायचे का? मला तसे वाटत नाही. देवाचे दार फक्त सरकारच बंद करते असे नाही, भाविकही करतात. पंढरपूरच्या विठोबाचे दार १९४७ पर्यंत अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना बंद होते. वारीत चालायचे, भजन म्हणायचे आणि आत मात्र जायचे नाही. ते कुलूप कोणा कम्युनिस्टाने घातले नव्हते, ते आपणच घातले होते. साने गुरुजींनी त्यासाठी मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा ते उघडले. पोलंडच्या बायकांचे कौतुक करताना हे आपण विसरू नये.

आणि आता जे सांगण्यासाठी इतके लिहिले ते सांगते. ताम्हिणी घाटाने कोकणातून येणाऱ्या दिंडीला आपले मंडळ पहिल्या वर्षापासून एक वेळचे जेवण देते. पिठले, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि भात. यंदाच्या बैठकीत विषय निघाला की हे आता बंद करावे. गॅस महागला, सुना नोकरीवर जातात, शेतीची माणसे राहिली नाहीत, त्यापेक्षा दिंडीवाल्यांना पाकीट द्यावे. बोलणाऱ्यांचे चूक नाही. मी स्वतःसुद्धा मान डोलावली होती. शंभर भाकऱ्या थापून हात भरून येतात ते मलाही माहीत आहे.

पण कोल्हापूरचा तो दगड पाहिला, ही हकिकत वाचली आणि मन फिरले. तिकडे सरकारने दम दिला, दंड केला, तरी वाटेवरच्या बायांनी दार लावले नाही, म्हणून ती यात्रा टिकली. आज पोलंडमध्ये कोणाला अडवणूक नाही. यात्रा अजून निघते, पण चर्चमध्ये जाणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत, असे वाचले. आपल्याकडेही कोणी बंदी केलेली नाही. पोलीस नाही, पहारा नाही, नाका नाही. तरी आपणच आपल्या हाताने बंद करायला निघालो आहोत. पाकीट दिंडीला पोचेल, पण दार बंदच राहील.

म्हणून माझी सूचना अशी. सगळ्या भाकऱ्या मंडळाच्या चुलीवरच झाल्या पाहिजेत असे नाही. प्रत्येक घराने दहा भाकऱ्या कराव्यात. नोकरीवाल्या सुनेने आदल्या रात्री कराव्यात, शिळ्या भाकरीला वारकरी नाव ठेवीत नाही. पिठल्याचे मी आणि शेजारच्या काकू बघून घेऊ. पंगत एकच असावी, कोणाला जात विचारू नये आणि पहिला वाढा म्हातारीला द्यावा. निदान रस्त्याच्या कडेला पाण्याचा हंडा घेऊन उभे तरी राहावे.

वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२४ साली आपले पंतप्रधान तिथे गेले आणि त्यांनी फुले वाहिली. ऐंशी वर्षांपूर्वी कोल्हापूरने परक्या बायामुलांना आसरा दिला, ते ती माणसे अजून विसरलेली नाहीत. आपल्या पिठलेभाकरीचे स्मारक कोणी बांधणार नाही, आणि नकोच आहे. पण कोकणातली एखादी म्हातारी घरी गेल्यावर नातीला सांगेल की मुळशीला एक गाव आहे, तिथे दार उघडे असते. मला तेवढे पुरे आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करून लेख पुरा करते.